काळी मुसळी न उपटता कशी ओळखावी? कोकणातील रानांत फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की कोकणातल्या पानझडीच्या रानात, भिजलेल्या पातेऱ्यातून, सहा पाकळ्यांचे एक पिवळेधमक फूल जवळजवळ जमिनीला टेकून उमलते. हे काळ्या मुसळीचे फूल. गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ साली तिला कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस हे शास्त्रीय नाव दिले आणि आज ती हायपॉक्सिडेसी या कुलात गणली जाते. औषधी म्हणून तिचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते, पण रानात ती समोर आली तर ओळखणारे थोडेच असतात, आणि ओळख पटवण्यासाठी ती उपटून पाहण्याची सवय मात्र सर्वत्र आहे. ती उपटावी लागत नाही. पान, फूल, जागा आणि हंगाम या चार गोष्टी नीट पाहिल्या तर कंदाला हात न लावता खात्रीने ओळख पटते. पुढील प्रश्नोत्तरे त्याच हेतूने लिहिली आहेत.

काळी मुसळी नेमकी कशी दिसते?

पहिल्या नजरेत ती गवताचा विरळ झुबका किंवा ताडाचे नुकतेच उगवलेले रोप वाटते. जमिनीतून थेट मोजकी पाने निघतात आणि जमिनीवर खोड असे काही दिसत नाही. पाने लांब, भाल्याच्या पात्याच्या आकाराची आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली असतात. त्यांची लांबी सामान्यतः १५ ते ४५ सेंटिमीटर आणि रुंदी एक ते अडीच सेंटिमीटर भरते, मात्र दाट सावलीतली पाने याहून लांब आणि लोंबती, तर उघड्यावरची आखूड आणि अरुंद असू शकतात. पानावर लांबीच्या दिशेने ठळक घड्या असतात. पान प्रकाशाकडे धरून तिरके पाहिले की या घड्यांच्या कडा चांगल्या दिसतात, आणि बोट आडवे फिरवले तर चढउतार जाणवतात. पानांवर, विशेषतः बुंध्याकडे, विरळ, लांबट, मऊ केस असतात. ते पाहायला साधे भिंग पुरेसे आहे.

फूल दीड ते दोन सेंटिमीटर रुंद, चांदणीसारखे पसरलेले असते. पाकळ्या सहा. वनस्पतिशास्त्रात त्यांना परिदले म्हणतात, कारण येथे निदलपुंज आणि दलपुंज असा वेगळा भेद दिसत नाही. या लेखात वाचकांच्या सोयीसाठी पाकळ्या हाच शब्द वापरला आहे. त्या आतून तेजस्वी पिवळ्या असतात, तर बाहेरच्या पाकळ्यांची पाठ हिरवट आणि केसाळ असते. मध्ये सहा आखूड पुंकेसर असतात. फूल पानांच्या उंचीपेक्षा पुष्कळ खाली, अगदी बुंध्याशी असते, आणि हीच खूण सर्वांत महत्त्वाची आहे. ज्याला उभ्याने चालता चालता मुसळीचे फूल दिसले त्याची नजर चांगली म्हणायची. बहुतेकांना त्यासाठी बसावे लागते.

फुलाला देठ का दिसत नाही?

हा प्रश्न ओळखीच्या दृष्टीने फार उपयोगाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. पावसाची सर ओसरल्यावर गुडघे टेकून, दोन बोटांनी पानांचे बुंधे हळूच बाजूला सारले, तर फुलाखाली फिकट रंगाची, दोऱ्याइतकी बारीक, केसाळ नळी दिसते. ती खाली जात पानांच्या आवरणांत गडप होते. पाहणाऱ्याला ती देठ वाटते, पण ती देठ नाही. फुलाच्या अंडाशयाचा वर ताणलेला, चोचीसारखा लांब भाग आहे. खरा अंडाशय तिच्या तळाशी, पानांच्या आवरणांच्या आत, मातीच्या पातळीवर किंवा त्याहूनही खाली असतो. फुलोऱ्याचा दांडा असतो, पण तो इतका आखूड असतो की जमिनीवर त्याचा पत्ताच लागत नाही. फुले त्या दांड्यावर खालून वर एकेक उमलतात. खालची फुले सहसा द्विलिंगी असतात, तर वरची बहुधा केवळ पुंकेसर असलेली नर फुले असतात.

याचा परिणाम असा की फूल तोडणाऱ्याच्या हाती फक्त पिवळी चांदणी आणि नळीचा तुकडा येतो, आणि अंडाशय जमिनीतच राहतो. फळही तेथेच, दृष्टीआड पिकते. ते लहान, लांबट आणि चोचदार असते. आत मोजक्या, काळ्या, चकचकीत बिया असतात आणि त्यांच्यावर नागमोडी खाचा असतात. रानात फिरणाऱ्याला मुसळीचे फळ सहसा दिसत नाही ते याच कारणाने. फळ शोधण्यासाठी बुंध्याची माती उकरू नये. ओळखीसाठी त्याची गरज पडत नाही.

कोकणात ती कोणत्या जागी शोधावी?

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पानझडीची राने जेथे जेथे शिल्लक आहेत तेथे ती आढळू शकते. ऐन, किंजळ, साग, धावडा, आसाणा अशा झाडांखाली, करवंद, कुडा आणि धायटीच्या जाळ्यांच्या आडोशाला, जांभ्या दगडावर साचलेल्या मातीच्या उतारावर तिला मानवते. कोकणात पाऊस भरपूर पडतो हे खरे, परंतु नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत ही राने कोरडी पडतात, पाने गाळतात आणि जमीन तडकते. ओल्या चार महिन्यांत वाढून उरलेले महिने जमिनीखाली काढणाऱ्या वनस्पतींना अशीच जागा लागते.

उघडा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे पठार, मात्र तिची जागा नव्हे. कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि तेथे वेगळीच फुले येतात; रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जून-जुलैमध्ये फुलणारी कोकण दीपकाडी हे त्यांतले ठळक उदाहरण. सडा संपून झाडोरा सुरू होतो त्या कडेला, जेथे पावसाने वाहून आणलेली माती आणि पातेरा साचतो, तेथे मुसळी पाहावी. देवरहाटीच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या, कडेच्या विरळ भागांत, जुन्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) दोन्ही बाजूंना आणि जांभ्याच्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पायथ्याशीही ती आढळते. देवरहाटीच्या अगदी आत, जेथे दिवसाही अंधारल्यासारखे वाटते, तेथे ती कमी असते.

जुन्या काजूच्या बागांत, जेथे जमीन यंत्राने उलटीपालटी केलेली नाही आणि केवळ कोयतीने बेणणी, म्हणजे तण काढणे, होते, तेथेही ती टिकून राहते. बागायतदारांना हे अनेकदा माहीत नसते आणि सांगितल्यावर आनंद होतो.

पाहायला कोणता काळ योग्य?

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. त्यानंतरचे चार-पाच आठवडे सर्वांत उत्तम. फुलणे पुढेही, सप्टेंबरपर्यंत, चालू राहते, पण आषाढात गवत आणि तेरडा वाढून बुंध्याजवळचे फूल झाकून टाकतात. एकेक फूल अल्पजीवी असते, म्हणून सकाळी जावे. दिवाळीनंतर पाने पिवळी पडून वाळू लागतात आणि शिमग्यापर्यंत जमिनीवर काही उरत नाही. मे महिन्यात कोणी हिरवीगार काळी मुसळी दाखवली, तर ती पाणी दिलेल्या परसातली तरी असावी किंवा मुसळी नसावी.

फूल नसेल तर केवळ पानांवरून ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते, पण घाई करू नये. घडीदार पान, दोन्ही टोकांना निमुळता आकार, विरळ मऊ केस आणि जमिनीवर खोडाचा अभाव या चार खुणा एकत्र असल्या तर शक्यता बळकट होते. पाचवी खूण मिळाली तर शंका जवळपास उरत नाही, आणि ती खूण पानाच्या टोकाला असते.

मुसळीचे लांब पान झुकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले की तेथे बारीक मुळे फुटतात आणि एक लहानसे रोप तयार होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पातेरा हलकेच बाजूला केल्यास जुन्या पानाच्या टोकाशी जोडलेले, दोन-तीन कोवळ्या पानांचे हे पिल्लू दिसते. त्या वेळी मातृरोपाचे पान कडेने पिवळे पडू लागलेले असते, पण टोकाकडचा भाग हिरवा असतो. पुढे जुने पान कुजून जाते आणि पिल्लू स्वतंत्र होते. एकाच जागी मुसळीची रोपे वीतभर अंतरावर का आढळतात, याचे एक कारण हेही आहे. एवढे नाजूक आणि तरीही इतके परिणामकारक पुनरुत्पादन आपल्या पायांखाली चाललेले असते, म्हणून या दिवसांत पाऊल जपून टाकावे, असे मनापासून सांगावेसे वाटते.

कुलू, फोडशी, सफेद मुसळी आणि काळी मुसळी यांत फरक काय?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो, कारण नाव मिळतेजुळते, हंगाम तोच आणि पुष्कळदा रानही तेच. पहिल्या पावसानंतर कोकणात जी कुलूची किंवा फोडशीची भाजी बाजारात येते, ती क्लोरोफायटम या वेगळ्या प्रजातीतल्या वनस्पतींची कोवळी पाने असतात. त्या प्रजातीत अनेक जाती आहेत. औषधी व्यापारात सफेद मुसळी म्हणून प्रसिद्ध असलेल्या जातीच्या शास्त्रीय नावात तर आपल्या बोरिवलीचे नाव आहे. काळ्या मुसळीशी या वनस्पतींचे जवळचे नाते नाही.

पाने हातात घेतली की भेद कळतो. कुलूची पाने मऊ, रसदार, सहज मोडणारी आणि गुळगुळीत असतात. त्यांच्यावर मुसळीसारख्या ठळक घड्या आणि लांबट केस नसतात. काळ्या मुसळीचे पान चिवट असते, मोडायला गेले तर तंतू लागतात. फूल आले की शंकेला जागाच राहत नाही. क्लोरोफायटमचा फुलोरा पानांतून सरळ वर उठतो आणि त्यावर पांढरी फुले येतात. त्यांनाही सहा पाकळ्या असतात आणि मधले परागकोश पिवळे असतात, म्हणून छायाचित्रात लांबून पाहणारा फसू शकतो. काळ्या मुसळीची पाकळीच पिवळी असते आणि फूल बुंध्याशी असते. पांढरे फूल काठीवर दिसले की ती काळी मुसळी नाही, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

जमिनीखालचा भेदही सांगून ठेवतो, जेणेकरून तो पाहण्यासाठी कोणी खणणार नाही. क्लोरोफायटमला एकाच ठिकाणाहून निघालेल्या पांढरट, मांसल मुळांचा झुबका असतो. काळ्या मुसळीला सरळ खाली जाणारा एकच, बोटाएवढा, बाहेरून काळपट तपकिरी आणि आतून पांढरट कंद असतो, आणि त्याला आजूबाजूने जाडसर मुळे फुटलेली असतात. तो कापला तर चिकट स्राव लागतो.

ताडाच्या किंवा शिंदीच्या रोपापासून ती वेगळी कशी काढावी?

पालघर, ठाणे आणि रायगडच्या किनाऱ्यालगत, जेथे ताड आणि शिंदी मुबलक आहेत, तेथे हा प्रश्न खरोखरच अडवतो. संस्कृतात काळ्या मुसळीला तालमूली म्हणतात, यावरून साम्य किती जुन्या काळापासून लोकांच्या लक्षात आले आहे ते कळते. ताडाच्या आणि शिंदीच्या रोपाची पहिली पाने अखंड, अरुंद आणि घडीदार असतात. मात्र ती ताठ, जाड आणि चामड्यासारखी असतात. मुसळीचे पान चिवट असले तरी वाऱ्याने हलते आणि आपल्या भाराने झुकते. ताडाच्या रोपाच्या पानावर मऊ केस नसतात. शिवाय ताड-शिंदीचे रोप उन्हाळ्यातही हिरवे राहते. मे महिन्यात त्याच जागी परत गेल्यास निकाल आपोआप लागतो.

सुपारी आणि भेरली माड यांच्या रोपांबाबत अडचण येत नाही, कारण त्यांचे पहिले पान टोकाला दुभंगलेले असते.

जमिनीलगत दिसणारी आणखी कोणती पिवळी फुले फसवतात?

आंबुशी सर्वत्र असते, पण तिच्या पाकळ्या पाच आणि पान तीन दलांचे. परसातल्या कुंड्यांतून आणि बागेच्या कडेने लावलेली पिवळी पावसाळी लिली मात्र सहा पाकळ्यांची असते आणि पहिल्या पावसातच फुलते. ती परदेशी आहे. तिचे फूल मोठे असते, स्वतंत्र पोकळ दांड्यावर पानांच्या बरोबरीने किंवा त्याहून वर येते, आणि पाने अरुंद, चकचकीत व घडीविरहित असतात. घरांजवळच्या रानात ती कधी कधी आपोआप वाढलेली आढळते, म्हणून तिचा उल्लेख केला.

रोपवाटिकांत मोठ्या, रुंद, घडीदार पानांची एक शोभेची वनस्पती मिळते. ती मुसळीच्याच कुलातली, पण पुष्कळ मोठी असते. कंबरेपर्यंत उंच झुबका दिसला तर ती रानातली काळी मुसळी नव्हे.

सोनकी, कवला यांसारखी पिवळी पावसाळी फुले फांद्या फुटलेल्या खोडावर येतात, त्यामुळे त्यांच्याशी तुलनेचा प्रश्नच येत नाही.

कंद पाहिल्याशिवाय पूर्ण खात्री कशी होईल?

होते. सहा पिवळ्या पाकळ्या, बुंध्याशी बसलेले फूल, त्याखाली केसाळ बारीक नळी आणि घडीदार पान हे चारही एकत्र असलेली दुसरी वनस्पती कोकणातल्या या सुक्या रानांत आपल्याला सहजी भेटणार नाही. एवढे असताना कंद पाहण्याने ओळखीत काहीच भर पडत नाही, आणि नुकसान मात्र पूर्ण होते.

नुकसान का होते ते समजून घ्यावे. अनेक झाडांचे मूळ थोडे काढले तरी झाड जगते. काळ्या मुसळीत जो भाग कंद म्हणून बाजारात विकला जातो, तोच तिचा जमिनीखालचा मुख्य आधार आहे. त्याच्याच माथ्यावर पुढच्या वर्षीचा कोंब असतो आणि सात-आठ महिन्यांच्या कोरड्या काळासाठीचे अन्न त्यातच साठवलेले असते. तो उपटला म्हणजे ते रोप संपले. तो सरळ खोल गेलेला असल्याने ओढताना बहुधा मध्येच तुटतो, आणि कंदाचा तुकडा व पानांचा झुबका असे दोन्ही निरुपयोगी होऊन बसतात. बियांपासून नवे रोप तयार होणे हे संथ काम आहे. म्हणून विद्यार्थ्यांना रानात नेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की ‘दाखवण्यापुरती एक’ म्हणूनही ती उपटू नये. तीसजणांच्या गटाला एक उपटलेले रोप दाखवण्यापेक्षा तिसांनी पाळीपाळीने वाकून जिवंत फूल पाहावे, आणि तेच त्यांच्या लक्षात राहील.

तिच्यासारखी दिसणारी एखादी वनस्पती विषारी आहे का?

होय, आणि रानातले कंद स्वतः खणून खाणाऱ्यांनी हे उत्तर अवश्य वाचावे. याच रानांच्या कडेने, याच हंगामात, कळलावी उगवते. तिचा कंद अत्यंत विषारी असतो. त्यात कोल्चिसिन हे द्रव्य असते आणि त्याने माणसाचा जीव जाऊ शकतो. वाढलेली कळलावी ओळखणे सोपे आहे, कारण ती वेल असते, पानाचे टोक आधाराला गुंडाळले जाते आणि लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुले येतात. परंतु जूनच्या सुरुवातीला तिचा केवळ कोंब वर आलेला असतो. भुईचक्र ही दुसरी वनस्पती लहान, अरुंद पानांची, बारीक उभ्या खोडाची आणि काळपट जांभळ्या, बारीक पाकळ्यांच्या फुलाची असते. तिच्यातही कोल्चिसिन असते. पान आणि फूल दोन्ही न पाहता केवळ जमिनीतून निघालेल्या कंदावरून कोणतीही वनस्पती ओळखून तोंडात घालणे धोक्याचे आहे.

मग ती औषध म्हणून घ्यावी का?

आयुर्वेदात तालमूलीला स्थान आहे आणि तिचा वापर जुना आहे. परंतु कोणाला, कोणत्या स्वरूपात आणि किती प्रमाणात द्यावी हे वैद्यांनी ठरवायचे असते, आणि ते येथे सांगणे उचित नाही. एवढे मात्र आवर्जून नमूद करतो की रानातून उपटून आणलेली मुसळी अधिक गुणकारी असते ही समजूत वनस्पतीच्या मुळावर उठली आहे. मागणी असेल तर ती लागवडीतून भागवली गेली पाहिजे.

छायाचित्रावरून ओळख पटवून घ्यायची असेल तर कोणती छायाचित्रे काढावीत?

फुलाचे वरून घेतलेले एक सुंदर छायाचित्र पुरेसे नसते, हे येथे स्पष्टपणे सांगावे लागते. ओळखणाऱ्याला वरून सहा पाकळ्या दिसतात आणि पुढे काहीच ठरवता येत नाही. मोबाईल जमिनीला टेकवून, फुलाच्या बाजूने एक छायाचित्र घ्यावे, ज्यात फूल आणि पानांचे बुंधे यांतले अंतर दिसेल. बुंधे किंचित बाजूला करून नळीचे एक घ्यावे. संपूर्ण रोपाचे एक, पानाच्या मधल्या भागाचे घड्या दिसतील असे एक, आणि आजूबाजूच्या झाडोऱ्याचे एक घ्यावे. मापासाठी शेजारी एक रुपयाचे नाणे किंवा काडेपेटी ठेवावी. ढगाळ उजेडात पिवळा रंग चांगला उतरतो. फ्लॅश वापरल्यास पाकळ्या पांढरट येतात आणि क्लोरोफायटमचा संशय विनाकारण वाढतो.

आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर नोंद करताना जागेचा अचूक नकाशाबिंदू सर्वांना दिसणार नाही अशी सोय निवडावी. ज्या वनस्पतीच्या कंदाला बाजारात किंमत आहे तिची जागा उघड करणे म्हणजे खणणाऱ्याला वाट दाखवणे होय.

काजूच्या किंवा आंब्याच्या बागेत ती सापडली तर बागायतदाराने काय करावे?

काही विशेष करावे लागत नाही. काही गोष्टी टाळाव्या लागतात. तणनाशक ही त्यांतली पहिली. ग्लायफोसेटसारखे तणनाशक हिरव्या पानांतून शोषले जाऊन जमिनीखालच्या भागापर्यंत पोचते, आणि फवारणी नेमकी जून-जुलैत, म्हणजे मुसळीची पाने पसरलेली असताना होते. त्यामुळे केवळ वरचा हिरवा भाग न जळता कंदही मरतो. ग्रासकटर त्या मानाने कमी घातक, कारण पाने कापली तरी कंद पुन्हा पाने काढू शकतो. तरीही वर्षातून अनेकदा कापणी झाल्यास साठवलेले अन्न संपत जाते. शक्य असेल तर ज्या तुकड्यात मुसळी आहे तेथली बेणणी सप्टेंबरअखेरीस, हाताने करावी. तोपर्यंत फुले होऊन गेलेली असतात आणि पानांच्या टोकांची पिल्ले रुजलेली असतात.

वणव्याचाही प्रश्न आहे. उन्हाळ्यात मुसळी जमिनीखाली असल्याने एखादी वरवरची आग मोठ्या कंदाला सहसा मारत नाही, पण नुकत्या रुजलेल्या पिल्लांचा कंद अजून वरच्या थरात असतो आणि पातेरा जळाला की त्यांचे संरक्षण जाते. दाढ (भाताच्या रोपांची जागा) भाजण्यासाठी रानातून पातेरा आणि कवळ (तोडलेल्या फांद्या-पाला) गोळा करणारे शेतकरी सर्व पातेरा खरवडून नेत नाहीत तेथे मुसळी बरी टिकते. सर्वांत मोठा धोका मात्र यांपैकी कोणताच नाही. अख्खा डोंगरउतार जेसीबीने सपाट करून नवी कलमे लावली जातात, तेव्हा मातीचा वरचा थरच उलटतो आणि त्याबरोबर मुसळीसह सगळे कंद जातात. उतार तयार करताना कडेची एक पट्टी, गडग्यालगतची किंवा वहाळाजवळची, न खोदता ठेवली तर बागेचे उत्पन्न फारसे घटत नाही आणि या वनस्पतींना जागा राहते.

घरी कुंडीत लावता येते का?

येते. कंदाच्या तुकड्यांपासून रोप तयार होते आणि पानांच्या तुकड्यांपासूनही पिल्ले फुटू शकतात. औषधी वनस्पतींची लागवड करणाऱ्या खात्रीच्या रोपवाटिकेतून रोप घ्यावे. रानातून आणू नये. खोल कुंडी, पाण्याचा निचरा होणारी जांभी माती, पानांचे कुजलेले खत आणि अर्धी सावली एवढे पुरते. दिवाळीनंतर पाने वाळली की पाणी कमी करावे. रोप मेले असे समजून पुष्कळजण याच वेळी कुंडी रिकामी करतात. ती तशीच, कोरडी, सावलीत ठेवावी आणि पुढच्या पावसाची वाट पाहावी.

रानातून तोडणे किंवा खणणे कायदेशीर आहे का?

फणसाड, कर्नाळा, तानसा यांसारखी अभयारण्ये आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे; तेथून वनस्पती काढता येत नाही. इतर वनजमिनीवरही वन विभागाच्या नियमांबाहेर जाऊन कंद गोळा करता येत नाहीत. कोकणात मोठ्या प्रमाणावर रान खासगी मालकीचे आहे, आणि तेथे निर्णय मालकाच्या हाती असतो. म्हणूनच मालकाला आपल्या रानात काय आहे हे कळणे महत्त्वाचे ठरते.

आपल्या गावात ती आढळली तर नोंद कोठे करावी?

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामपंचायतीत जाऊन त्या नोंदवहीत काळी मुसळी आहे का ते पाहावे. पुष्कळदा औषधी वनस्पतींच्या यादीत केवळ ‘मुसळी’ एवढेच लिहिलेले असते आणि ती काळी की सफेद हे कळत नाही. अशा वेळी समितीला दुरुस्ती सुचवावी. नोंदीत पाहिल्याची तारीख, वाडीचे नाव, वरच्या झाडांची नावे, जमीन सावलीची की उघडी, फूल होते की केवळ पाने, आणि साधारण किती रोपे दिसली एवढे लिहावे. गावातल्या ज्या ज्येष्ठ व्यक्तींना ती पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यांच्याकडून पूर्वी ती कोठे कोठे मिळत असे हेही विचारून घ्यावे आणि त्यांच्या संमतीने त्याच नोंदीखाली लिहावे. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी पुन्हा जाऊन रोपांची संख्या लिहिली, आणि दरवर्षी तसेच केले, तर ती वाढत आहे की घटत आहे हे गावाला स्वतःच्या नोंदीवरून सांगता येईल.